जखमी माणसाने शोधलेली वकील

मला आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांना मी उत्तरं दिली आहेत, उशिरा का होईना. एका पत्राला मात्र साडेतीन महिने उत्तर दिलं नाही. टेबलाच्या खणातून ते रोज काढायचो, वाचायचो आणि परत ठेवायचो. पहिला महिना उत्तर न देण्याचं कारण लाज हे होतं. पुढचे अडीच महिने कायद्याने मना केलं होतं. पहिल्या महिन्याबद्दल मला अजून स्वतःला माफ करता आलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. तेहतीस वर्षं कॉलेजच्या वाचनालयात इतरांची पुस्तकं सांभाळली, स्वतः कधी चार पानं लिहिली नाहीत.

पत्र सोळा वर्षांच्या एका मुलीचं होतं. इथे तिला जीना म्हणतो. बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या मुलाचं खरं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी मला मनापासून पटते. तिच्या आईचं आणि मामाचं नावही बदललं आहे. गाव वसईकडच्या नंदाखालच्या आसपासचं समजा.

त्याआधी अपघात सांगायला हवा.

आमच्याकडच्या वाड्यांमधली केळीची पानं आणि फुलं सकाळी नाक्यावर टेम्पोला द्यावी लागतात. टेम्पो कुणासाठी थांबत नाही. घरातलं जे हाताशी असेल ते स्कूटरवर गठ्ठा टाकून निघतं, मग ते पंधरा वर्षांचं का असेना. "गावातल्या गावात कसलं लायसन?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की कधीतरी मीही म्हटलं असेन.

आणि मी चालता चालता वाचतो. नोकरीत असताना वाचायला वेळ मिळायचा नाही (ग्रंथपालाला तो मिळत नाही, हे कुणाला खरं वाटत नाही), तेव्हा सकाळच्या फेरीत पुस्तक हातात धरायची सवय लागली. गावालाही माझी सवय झाली. मी रस्त्याच्या मधोमध, एका चालीने, न हलता जातो. मागून येणारा हॉर्न वाजवतो, मी मान वर करत नाही, आणि तो बाजूने गाडी काढतो. "सर वाचतायत," म्हणतात. अशी वीस वर्षं गेली.

नोव्हेंबरात एका सकाळी, पावणेसातला, उजेड नुकताच वाचण्याइतका झाला होता. जुन्या विहिरीपाशी रस्ता वळतो तिथे मागून हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला. दुसऱ्या हॉर्नला, का कोण जाणे, मी बाजूला झालो. मला चुकवण्यासाठी मागच्या स्कूटरवरच्या मुलीने जी बाजू घेतली होती, नेमका त्याच बाजूला.

खुब्याचं हाड मोडलं. मला आठवतं ते एवढंच, की डोक्याखाली काहीतरी गार, ओलसर होतं. ती केळीच्या पानांची जुडी होती. स्कूटर चालवणारी मुलगी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि म्हणत होती, "आजोबा, डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा. गाडी येतेय." पळून गेली असती तर मला स्कूटरचा रंगदेखील सांगता आला नसता. ती पळाली नाही. रुग्णवाहिका तिने बोलावली, स्वतःच्या आईला तिने बोलावलं, आणि पोलिसांना पहिल्यांदा नाव सांगितलं तेही तिनेच.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी हवालदार माझा जबाब घ्यायला आले. मी सांगितलं, "मी रस्त्याच्या कडेने चालत होतो." पुस्तकाचं विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. शेजारी माझा मुलगा सुमेध उभा होता. "पप्पा, एक दिवस वाचता वाचता जाल तुम्ही," असं तो वर्षानुवर्षं सांगत आला आहे. पलीकडे माझी बायको सुनंदा होती. तीही तेच सांगत आली आहे, पण जास्त मोठ्या आवाजात. त्या दोघांसमोर मला धीर झाला नाही.

घरी आल्यावर आठवड्याभरात जीनाचा मामा भेटायला आला. व्हिव्हियन. भला माणूस. जीनाचे वडील जहाजावर असतात, त्यामुळे घरचं सगळं तोच बघतो. त्याने शहाळी ठेवली, माझ्या वॉकरची चौकशी केली आणि खुर्ची जवळ ओढली.

"सर, पोलीस पुन्हा एकदा विचारायला येतील. तुम्ही फक्त म्हणा, गाडी व्हिव्हियन चालवत होता."

"पण व्हिव्हियन..."

"पण काय, सर? चष्मा पडला होता ना तुमचा? तुम्हाला काय दिसलं असणार! माझ्याकडे लायसन आहे. पोरगी घाबरून स्वतःचं नाव बोलली, असं सांगू. मी बघून घेईन. पोरीला ते बाल न्यायालय वगैरे नको."

मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना दोष. हो म्हणतानाही जीभ जड होते. मी म्हटलं, "बघतो." तो समाधानाने गेला.

आणि दोन दिवसांनी ते पत्र आलं. पोस्टाने, तिकीट लावून.

"आजोबा, मी जीना. गाडी मीच चालवत होते. व्हिव्हियन मामा तुम्हाला वेगळं सांगायला सांगणार आहेत. तुम्ही हो म्हणू नका. ते माझ्यासाठीच करतायत, पण मग मी आयुष्यभर गप्प बसायचं, ते मला नाही जमणार. मला मंडळापुढे खरं सांगायचंय. मम्मी म्हणते आधी वकील बघू. आम्ही दोघांकडे गेलो, पण ते मामासारखंच बोलतात. तुम्हाला कुणी माहीत आहे का? तुमचं पुस्तक माझ्याकडे आहे. तुम्ही पडलात तरी तुमचं बोट एकशे बारा पानावर होतं. तिथे मी खूण ठेवली आहे. पुस्तकाचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमचा पाय कसा आहे?"

म्हणजे तिला माहीत होतं. मी वाचत होतो एवढं एक वाक्य बोलली असती तर तिचा अर्धा दोष कमी झाला असता, आणि ती ते बोलली नव्हती. या पत्राला काय उत्तर लिहायचं? मी लेखणी घेतली आणि ठेवली. अनेकदा. शेवटी ठरवलं, उत्तर जमत नाही, निदान वकील शोधू.

वकील शोधणं म्हणजे अनोळखी माणसांशी बोलणं. मला दुकानात जाऊन जिरं मागायचं असेल तरी दोनदा मनात म्हणून बघावं लागतं.

पापडीच्या एका जुन्या वकिलांना मी थोडाफार ओळखत होतो. ते म्हणाले, "सर, सातबारा असेल, वाटणी असेल, कंपाउंडची भिंत असेल तर सांगा. मुलांचं मंडळ मी आतून बघितलेलंही नाही." दुसऱ्यांचा नंबर कुणीतरी दिला.

"बोला. तुम्ही फिर्यादी की आरोपी?"

"मी जखमी."

"मग भरपाईचा दावा. करून देऊ."

"नाही, वकील मला नको. मुलीसाठी हवाय."

"कुठल्या मुलीसाठी?"

"जिची गाडी मला लागली तिच्यासाठी."

मग अगदी हळुवारपणे ते म्हणाले, "काका, घरात दुसरं कुणी आहे का? त्यांना फोन देता?"

फोन सुनंदाने घेतला, ऐकला, ठेवला. "डॉक्टर तर म्हणाले होते डोक्याला मार नाही," ती म्हणाली.

मी तिला पत्र दाखवलं. म्हणजे अर्धं. दुमडून, शेवटच्या चार ओळी आत राहतील असं. माझ्या हातून हेही झालं आहे. तिने वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. "काय पोर आहे," म्हणाली. "वकील मिळालाच पाहिजे हिला."

मग मला जे येतं ते मी केलं. कॉलेजातून बाल न्याय कायद्याची मराठी प्रत मागवली आणि दोन दुपारी बसून पहिल्या पानापासून वाचली. कायद्याची पुस्तकं मी आयुष्यभर कपाटात लावली होती, त्यातलं एक उघडलं पहिल्यांदाच. अशा मुलांना सरकार फुकट वकील देतं, घरची परिस्थिती कशीही असो, हे त्या वाचनातून आणि मग चार ठिकाणी विचारून कळलं. वसईच्या कोर्टात विधी सेवेचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करायचा. इतकं सोपं, आणि आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे वकील म्हणजे जमिनीचा, हे जणू ठरूनच गेलेलं.

मी आणि सुनंदा रिक्षाने गेलो. कारकून तरुण होता. त्याने फॉर्म पुढे ओढला.

"अर्जदाराचं मुलाशी नातं?"

"मी जखमी आहे."

"ते दिसतंय, आजोबा. नातं काय?"

"तेच नातं. तिच्यामुळे जखमी."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे नातं फॉर्ममध्ये नाहीये. अर्ज तिच्या आईला करायला सांगा." मग हसू दाबत त्याने एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "आमच्या यादीत आहेत. हेमांगी मॅडम. मुलांच्या केसेस त्याच बघतात. पण जरा कडक आहेत हां."

त्यामुळे जीनाच्या घरी जाणं आलं. ओट्यावर आई बसली होती. डेल्फिन. व्हिव्हियनही होता. मी फॉर्म पुढे केला आणि बोलायचं विसरलो. बोलली सुनंदाच.

व्हिव्हियन उठूनच उभा राहिला. "सर, तुम्ही मला 'बघतो' म्हणाला होतात!"

"ते असंच म्हणतात," सुनंदा म्हणाली. "लग्न ठरवतानाही 'बघतो' म्हणाले होते."

"काकू, मस्करी नाही. पोरगी मंडळापुढे हे बोलली तर? गाडी माझ्या बहिणीच्या नावावर आहे. अठराच्या आतल्या मुलीला गाडी दिली म्हणून हिच्यावर केस होईल. कळतंय का?"

मला ते कळत होतं. मोटार वाहन कायद्यातलं ते कलमही मी वाचलं होतं. डेल्फिन फॉर्म हातात घेऊन नुसती बघत होती. आतल्या दारात जीना येऊन उभी राहिली. अपघातानंतर तिला पहिल्यांदाच बघत होतो. वाटलं होतं त्याहून लहान दिसली. आईकडे बघत राहिली.

"किल्ली मीच देत होते," डेल्फिन सावकाश म्हणाली. "एक दिवस नाही, दीड वर्ष. हात चिखलाचे असायचे, म्हणायचे, घे आणि जा लवकर. व्हिव्हियन, तू ते कसं सांगणार? ते माझं आहे." तिने पेन मागितलं.

हेमांगी मॅडम तिशी-पस्तिशीच्या. तुळिंजला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांचं ऑफिस, खाली बाजाराचा गलका. पहिल्या भेटीला आम्ही सगळेच गेलो. सगळ्यांनी जायचं नसतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. व्हिव्हियनने सुरुवात केली, "मॅडम, आरोपीचं वय सोळा..."

"आरोपी कुणी नाही इथे. जीना म्हणा." मग त्यांनी सर्वांकडे पाहिलं. "आता जीना सोडून सगळे बाहेर. आईसुद्धा."

"मी मामा आहे."

"म्हणूनच."

चाळीस मिनिटं आम्ही जिन्यात बसलो. बाहेर आली तेव्हा जीनाचे डोळे लाल होते, पण खांदे खाली आले होते, जड पिशवी ठेवल्यासारखे. मॅडम म्हणाल्या, "जीना गाडी स्वतः चालवत होती आणि ती तसंच सांगणार आहे. मी तिची वकील आहे, घरच्यांची नाही. ज्यांना दुसरं काही सांगायचं असेल त्यांनी दुसरा वकील बघावा." व्हिव्हियन खाली बघत राहिला. म्हणाला, "मग मी पानं नेतो रोज. पाचला उठेन." त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता सांगून टाकावं. "मॅडम, मला पण एक..."

त्यांनी हात वर केला. "काका, थांबा. तुम्ही साक्षीदार. तुम्हाला जे आठवतंय ते मला नाही सांगायचं, पोलिसांना सांगायचं. मी ऐकलं तर उद्या म्हणतील वकिलाने शिकवलं. आणि केस संपेपर्यंत जीनाशी बोलायचं नाही, चिठ्ठी-पत्रसुद्धा नाही."

म्हणजे आता ज्याने उत्तर लिहायचं त्याला बंदी. खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी खिडकीतून मला विहिरीपाशी कुणीतरी दिसलं. हेमांगी मॅडम होत्या. पावणेसातला त्या वळणावर उभ्या राहिल्या, टेप लावून रस्ता मोजला, कुंपणाच्या मेंदीची उंची मोजली, खाली बसून बघितलं, लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. फुकटच्या केसला इतकं कुणी करत असेल, असं मला वाटलं नव्हतं. सुनंदा चहा घेऊन गेली.

"साक्षीदाराच्या घरचा चहा नको, काकू."

"अहो, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा वाकून मोजू लागल्या.

सुनंदा भरलेला कप घेऊन परत आली आणि तो तिने माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "सुनंदा, मी त्या दिवशी वाचत होतो. हॉर्न मी दोन्ही वेळा ऐकला होता."

मी पत्राची घडी उघडून शेवटच्या चार ओळी तिच्यापुढे धरल्या. तिने त्या वाचल्या. पुन्हा वाचल्या.

"एवढीशी पोर तुमची अब्रू झाकत बसलीय," ती म्हणाली, "आणि तुम्ही माझ्यासमोर कागद दुमडत बसलात."

मी पत्र पुन्हा घडी न घालता टेबलावर ठेवलं.

"चहा प्या आणि चला. सुमेधला मी सांगते."

पोलीस ठाण्यात तेच हवालदार होते. मी सगळं सांगितलं: मधोमध चालत होतो, वाचत होतो, हॉर्न ऐकला, नेहमीसारखी गाडी बाजूने जाईल असं धरलं, आणि शेवटच्या क्षणी तिच्या वाटेत शिरलो. ते म्हणाले, "सर, तुमचीच केस लंगडी होईल." मी म्हटलं, "होऊ दे." आयुष्यात इतकं पटकन मी क्वचितच बोललो असेन.

मार्चमध्ये पालघरला मंडळापुढे तारीख होती. मी मनात मोठं न्यायालय धरून गेलो होतो. खोली साधी होती, एक लांब टेबल, मॅजिस्ट्रेटबाई आणि दोन सदस्य. पोलीस साध्या कपड्यांत. मला आत बोलावलं तेव्हा त्यांनी माझा दुसरा जबाब वाचून विचारलं, "हे आधी का सांगितलं नाही?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

"मुलाची, बायकोची. आणि गावात सर म्हणतात, त्याची."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला बाहेर पाठवलं. मग जीना आत गेली, सोबत आई आणि हेमांगी मॅडम. दार बंद झालं. मी आणि व्हिव्हियन बाकावर बसलो. तो नखं खात होता. मी पहिल्यांदाच सोबत पुस्तक न घेता बाहेर पडलो होतो आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

दार उघडलं. हेमांगी मॅडम आधी आल्या. "आत काय झालं ते मी सांगू शकत नाही, काका," त्या म्हणाल्या. पण चालताना फाइल त्यांनी हातात नुसती झुलवत नेली, तेवढ्यावरून मी ओळखलं.

सांगितलं ते डेल्फिनने. जीनाला समज दिली होती. तीन महिने दर शनिवारी सरकारी दवाखान्यात मदतीला जायचं. पुढे कुठल्या कॉलेजात, नोकरीत हे तिच्या आड येणार नाही. डेल्फिनची स्वतःची केस वेगळी, ती वेगळ्या कोर्टात चालू राहील. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही. तिला दुसरंच सांगायचं होतं.

"सर, मॅजिस्ट्रेटबाईंनी हिला विचारलं. ते गृहस्थ वाचत होते हे तुला माहीत होतं, तरी का नाही सांगितलंस? तुझ्या वकिलांनी मना केलं होतं? तर म्हणाली, नाही, मॅडम सांग म्हणाल्या होत्या, ऐकलं मीच नाही. म्हणाली, ते त्यांनी सांगायचं होतं. माझं मी सांगितलं."

मी जीनाकडे पाहिलं. ती पायऱ्यांवर उभी राहून मामाला म्हणत होती, "मामा, भूक लागलीय. वडापाव?" आणि व्हिव्हियन डोळे पुसत खिसे चाचपत होता.

हेमांगी मॅडमना मी विचारलं, आता पत्र लिहिलं तर चालेल का. "आता चालेल," त्या म्हणाल्या. "मी तर म्हणेन लिहाच."

त्यानंतरही मला नऊ दिवस लागले. सहा मसुदे झाले. पहिल्यात मी फार शहाणा वाटत होतो, दुसऱ्यात फार दीन. चौथ्यात एका विचारवंताचं वचन आलं होतं, ते सुनंदाने वाचून बाजूला ठेवलं. शेवटी तिच्या पत्रातले प्रश्न समोर ठेवले आणि शाळेत देतात तशी एकेकाची उत्तरं लिहिली. पाय बरा आहे, जिना चढताना दुखतो. वकील माहीत आहे का असं तू विचारलं होतंस. माहीत नव्हती, तुझ्यामुळे माहीत झाली. हो म्हणू नका असं तू सांगितलं होतंस. मी हो म्हणालो नाही, पण नाही म्हणायलाही फार वेळ लावला. मी दोन्ही हॉर्न ऐकले होते, आणि ते सांगायचं धैर्य मी तुझ्याकडून शिकलो, त्र्याहत्तराव्या वर्षी. पुस्तक तू वाचून बघ. एकशे बारानंतर बरं आहे.

सही करताना 'आजोबा' लिहावं की नाव, यात अर्धा तास गेला. दोन्ही लिहिलं.

आगाशीच्या पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "साधंच पाठवायचं ना? की रजिस्टर?"

"साधंच," मी म्हटलं.

त्यांनी तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट पिशवीत टाकलं.